चतुःसीमा

आजोबांचं खरेदीखत चौसष्ट सालचं,
घडीवर फाटलेलं, सेलोटेपनं जोडलेलं.
मौजे भुसावळ, जामनेर रोडलगत.
पूर्वेस मोकळी जागा, पश्चिमेस गाडवाट,
दक्षिणेस वामन उखर्डू फालक यांचे कपाशीचे शेत,
उत्तरेस बाभूळ, नग एक.
किंमत रुपये बेचाळीसशे.

लोको शेडमध्ये फिटर होते ते, पगार एकशे अठरा.
म्हणजे छत्तीस पगार,
तोंडात घास न घालता.
शेडमधले हसले होते,
नेहेते, तुह्या डोक्यात वाफ शिरली का रे,
तठी रात्री कोल्ही येतात.
महाग तेव्हाही वाटलंच असणार.
हे मी विसरू नये म्हणून लिहून ठेवते.

पपांचं खत एकोणनव्वदचं, टाइप केलेलं,
'र' जरा वर उडालेला.
चार भावांत आजोबांचं घर विकलं गेलं,
वाट्याला आलं ते पाया आणि स्टँपात संपलं.
पूर्वेस नियोजित रस्ता, जो अजून नियोजितच आहे.
एक लाख पंधरा हजार.
पार्सल ऑफिसात केळीच्या वॅगनी मोजणारा माणूस,
पगार एकोणीसशे,
साठ पगार, आणि पतपेढीचं व्याज वेगळं.

आता माझा फ्लॅट.
पूर्वेस डक्ट, पश्चिमेस लिफ्ट, दक्षिणेस फ्लॅट क्रमांक तीनशे तीन,
उत्तरेस हवा.
खाली कुणाची तरी जमीन, वर कुणाचं तरी न्हाणीघर.
अठ्ठेचाळीस लाख.
मी लॅबमध्ये रक्त तपासते, एकतीस हजारांवर.
एकशे पंचावन्न पगार.
तेरा वर्षं मी फक्त हवा खायची,
तीही उत्तरेचीच.

मोजणं हा माझा धंदा आहे,
म्हणून चहावर मोजून पाहिलं.
फलाटावरचा चहा दहा पैशांचा एक रुपया झाला,
रुपयाचे दहा.
चहा शंभर पट.
आजोबांचं घर बेचाळीस हजार कप,
पपांचं सव्वा लाखाला थोडे कमी,
माझं चार लाख ऐंशी हजार.
एवढा चहा तापीत ओतला
तर उन्हाळ्यातही पूर येईल.

जळगावला सराफाकडे गेले, वाटीचा डाग जोडायला,
त्यानं पावतीच्या पाठीवर पेन्सिलनं मांडलं,
साठ तोळे, सदतीस तोळे, सहासष्ट तोळे.
म्हणाला, ताई, घर कुठं वाढलं?
घर तिथंच आहे.
मी बाहेर येऊन रिक्षाची वाट बघत उभी,
पायरीवर ऊन, चपलेतून चटका,
आणि मनात एकच,
मग कमी कोण झालं?

पप म्हणतात, घराले भाव नसतो पोरी,
घाईले असतो.
त्यांना पेन्शन आहे, ते असं बोलू शकतात.

फाइलमध्ये चौथा कागदही आहे.
हक्कसोडपत्र, पाचशेचा स्टँप.
पपांचं घर भावाच्या नावावर, बहिणीचा हिस्सा सोडला,
राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाखाली न येता.
मोबदला: निरंक.
लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सही केली,
तालुक्याच्या कचेरीत पंखा बंद होता,
निळी शाई अंगठ्याला चार दिवस राहिली.
त्या घराला आज कुणीही सत्तर लाख देतं.
अर्धे किती, हे मी कुठल्याच कागदावर मांडलेलं नाही.
सहीनंतर मिलिंदनं चहा पाजला, तेव्हा तो सहा रुपयांना होता.
एक कप.
साखर जास्त होती.

बँकेचा माणूस फोनवर विचारतो,
मॅडम, वडिलोपार्जित काही?
मी म्हणते, आहे ना,
बाभूळ, नग एक.
तो म्हणतो, बरोबर स्पेलिंग सांगा.